चौरंगी, पंचरंगी आणि प्रेक्षक : मुंबईच्या क्रिकेट सामन्यांतील जयापजयाचे व प्रसिद्धीचे स्थान

खेळाच्या मैदानावर लोक कशासाठी जमतात, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी मात्र व्यावसायिक बेसबॉलच्या निमित्ताने त्याचा गंभीरपणे विचार केला आहे. आपला संघ जिंकू लागला की तिकिटे खपतात, हे सर्वसामान्य मत होय. सायमन रॉटेनबर्ग याने १९५६ साली एका निबंधात या मताला महत्त्वाची पुस्ती जोडली. एकच संघ सदोदित जिंकू लागला, तर निकालाविषयीचे कुतूहल संपते आणि विजेत्याचेही प्रेक्षक घटतात, असे त्याचे प्रतिपादन होते. विजयाइतकेच जाहिरातीला महत्त्व देणाऱ्यांत बिल व्हेक हा संघमालक अग्रेसर होता. त्याच्या क्लीव्हलँड संघाने १९४८ साली विश्वमालिका जिंकली आणि त्या हंगामात २६,२०,६२७ प्रेक्षक जमविले. पुढे सेंट लुइस येथील दुबळा संघ हाती आल्यावर त्याने १९५१ साली साडेतीन फुटांच्या एका माणसाला फलंदाज म्हणून मैदानात उतरविले. गंमत झाली, पण संघ तळाशीच राहिला व १९५३ चा हंगाम संपल्यावर तो बॉल्टिमोरला गेला. उलटपक्षी, १९६२ साली न्यूयॉर्कच्या मेट्स या नव्या संघाने १२० सामने गमावले, तरी त्याच्या मैदानावर नऊ लाखांवर प्रेक्षक आले. म्हणजे जय आणि जाहिरात या दोन कारणांनी सर्व उलगडा होतो असे नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासात तपासावयाचा तर त्यासाठी मुंबईच्या चौरंगी व पंचरंगी सामन्यांइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. येथे खेळाडू वेतनदार नव्हते, तरी तिकीट होते, जागांची वाटणी होती, वृत्तपत्रे होती, पुढे नभोवाणी आली आणि अखेर या सर्वांविरुद्ध उठलेला आवाजही होता.

या सामन्यांचे मूळ १८७७ साली पारशी व युरोपियन यांच्यात झालेल्या सामन्यात आहे. १८९० च्या जानेवारीत पारशांनी व्हर्नन याच्या इंग्लिश संघाला बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर चार गडी राखून हरविले. ज्या जिमखान्याच्या सभासदत्वाचे दार हिंदी माणसाला बंद होते, त्याच्याच मैदानाभोवती उभे राहून हिंदी माणसांनी तो विजय पाहिला. १९०७ साली हिंदू संघ येऊन सामने तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमान संघ येऊन चौरंगी झाले आणि १९३७ साली हिंदी ख्रिस्ती, ज्यू आदींचा ‘इतर’ हा संघ येऊन पंचरंगी झाले.

येथे भाषेच्या अंगाने एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. इंग्रजीत या स्पर्धेला चार कोनांची, पुढे पाच कोनांची म्हणत. भूमितीतील ही संज्ञा मराठीत येताना कोन गळाले व रंग आले. ‘चौकोनी सामने’ असा शब्द मराठीत करणे अवघड नव्हते. पण तो रुजला नाही. कोनांच्या संज्ञेत परस्परांसमोर उभे ठाकलेले पक्ष दिसतात. रंगांच्या संज्ञेत तंबू, पताका, पगड्या, फेटे आणि टोप्या दिसतात. पहिली संज्ञा स्पर्धेची व्यवस्था सांगते, दुसरी तिचा देखावा. मराठी बोलणाऱ्याने या सामन्यांना नाव देताना प्रेक्षकाच्या जागेवरून दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

विजयाचा परिणाम पाहावयाचा तर १९०६ चा फेब्रुवारी महिना घ्यावा. वंगभंगाच्या चळवळीचे वारे मुंबईपर्यंत पोचलेले होते. अशा वेळी हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. या विजयाचा एक शिल्पकार डावखुरा गोलंदाज पळवणकर बाळू हा होता. त्याचे आडनाव कोकणातल्या गावावरून आलेले, जन्म धारवाडचा, बालपण पुण्याचे आणि जात चर्मकाराची. मैदानावर ज्याने टाकलेला चेंडू सवर्ण सोबती झेलत, त्याचे चहापान पुण्याच्या मैदानावर वेगळ्या भांड्यात व वेगळ्या जागी होत असे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही; ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. या भावांचे चाहते केवळ क्रिकेटचे जाणकार नव्हते. ज्यांना त्या खेळाचे नियमही धड ठाऊक नव्हते, अशांनाही या विजयात आपला वाटा दिसला. मात्र मैदानावरील टाळ्या मैदानाबाहेर कितपत टिकतात, हा प्रश्न निराळा. १९३७ च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि पराभूत झाला.

सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० ते १९३३ या चार वर्षांत, हे सामने झाले नाहीत. चार वर्षे बंद पडलेले नाटक पुन्हा रंगभूमीवर आणताना कोणत्याही मंडळीला प्रेक्षकांची धास्ती वाटते. येथे तसे झाले नाही, आणि त्याचे एक कारण नभोवाणी हे असावे. १९३४ साली सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा ए. एफ. एस. तल्यारखान यांनी पारशी व मुसलमान यांच्यातील सामन्याचे धावते वर्णन मुंबई केंद्रावरून एकट्याने केले. योगायोग असा की, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या तिन्ही बेसबॉल संघांनी आपल्या सामन्यांचे ध्वनिक्षेपण पाच वर्षे बंद ठेवण्याचा करार केला. घरबसल्या खेळ ऐकावयास मिळाला तर मैदानावर कोण येईल, ही त्यांची भीती होती. मुंबईचा अनुभव उलट दिशेने बोट दाखवितो. ज्याच्या घरी यंत्र नव्हते तो हॉटेलच्या किंवा दुकानाच्या दारात उभा राहून ऐकू लागला आणि ऐकणाऱ्याला पाहण्याची इच्छा झाली. पुढील दहा वर्षांत या सामन्यांसाठी पूर्वीपेक्षा मोठ्या प्रेक्षागाराची गरज भासली, हा त्याचा पुरावा होय.

ते प्रेक्षागार म्हणजे ब्रेबॉर्न स्टेडियम. १९३३ साली स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बॅकबे येथे समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर ते उभारले. २२ मे १९३६ रोजी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी कोनशिला बसविली आणि १९३७ च्या डिसेंबरात त्याचे उद्घाटन झाले. उघड्या मैदानाच्या कडेला प्रत्येक जिमखाना आपापले तंबू ठोकी, तोपर्यंत प्रेक्षक हा त्या त्या जिमखान्याचा पाहुणा होता. दगडी व सिमेंटच्या पायऱ्या आल्या आणि तो तिकीटधारक झाला. जागा मोजता येऊ लागल्या; जे मोजता येते त्यावरून भांडणही करता येते. आपल्या सभासदांना किती जागा मिळाव्यात, या मुद्द्यावर हिंदू जिमखाना व क्लब यांचे बिनसले आणि १९३७ च्या पहिल्याच पंचरंगी स्पर्धेतून हिंदू संघाने अंग काढून घेतले. जयापजयाचा, सरावाचा किंवा संघनिवडीचा येथे काहीच संबंध नव्हता. प्रेक्षकांच्या आसनांसाठी खेळाडूंना घरी बसावे लागले, असे हे उदाहरण आहे. खेळाच्या विक्रीव्यवस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याने याकडे काणाडोळा करू नये.

आता रॉटेनबर्गचे सूत्र लावून पाहू. १९३४ ते १९४५ या काळात ११ स्पर्धा झाल्या. १९४२ साली स्पर्धा झाली नाही. यांपैकी मुसलमान संघाने सहा व हिंदू संघाने पाच जिंकल्या आणि कोणत्याही संघाला लागोपाठ दोनपेक्षा अधिक वेळा जिंकता आले नाही. निकालाची अनिश्चितता याहून चांगल्या प्रमाणात क्वचितच आढळेल. १९४४ चा अंतिम सामना मुसलमान संघाने एक गडी राखून जिंकला, के. सी. इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिला. अशा सामन्याच्या पाचव्या दिवशी प्रेक्षकाला घरी बसवत नाही.

परंतु याच्या आदल्या वर्षीचा अंतिम सामना या सूत्रात बसत नाही. १९४३ साली हिंदूंनी पाच गडी बाद ५८१ धावांवर डाव सोडला. ‘इतर’ संघ पहिल्या डावात १३३ धावांत संपला. निकाल जवळजवळ लागलेला होता. त्यानंतर सांगलीच्या विजय हजारे याने ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. त्याचा भाऊ विवेक याने २१ धावांवर दीर्घकाळ एक बाजू लावून धरली. संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. याच स्पर्धेत हजारेने २४८ धावा करून उच्चांक प्रस्थापित केला होता, विजय मर्चंटने अंतिम सामन्यात नाबाद २५० करून तो मोडला आणि हजारेने त्याच सामन्यात मर्चंटचा उच्चांक मोडला. लोक बोलले ते या दोन विजयांविषयी, संघाच्या विजयाविषयी नव्हे. पारशी संघाने १९२८ नंतर एकदाही स्पर्धा जिंकली नाही, तरी १९४५ पर्यंत तो खेळत राहिला, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

निश्चित निकाल आणि दाट गर्दी यांचे साहचर्य कोकणच्या वाचकाला नवे नाही. मालवण तालुक्यातील कट्टा व आसपासच्या गावांत जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो, तेव्हा संकासुराचा वध होणार हे लहान मुलालाही ठाऊक असते. आख्यानातील राक्षस हरणार, हेही ठरलेले असते. तरीही पहाटेपर्यंत माणसे हलत नाहीत. दशावतारातील संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या जागी रचतात. कथेचा शेवट निश्चित, पण दोन पात्रांच्या शब्दांच्या झुंजीत कोण कोणाला निरुत्तर करील हे अनिश्चित. कुतूहल नाहीसे झालेले नसते. ते निकालातून निघून वाणीत जाऊन बसलेले असते. हजारेच्या डावाच्या वेळी ब्रेबॉर्नवर असेच काही घडले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचे सूत्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. अनिश्चितता कोठे आहे, हे त्यांनी फक्त गुणफलकावर शोधले.

पंचरंगीची गर्दी ही नुसत्या क्रिकेटची गर्दी नव्हती, हा आक्षेप मात्र खराच आहे. धर्मावर संघ पाडले की प्रत्येक प्रेक्षकाला जन्मतःच एक संघ मिळतो. त्याला निराळ्या जाहिरातीची गरज नसते. हीच या स्पर्धेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक प्रसिद्धी होती. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने, विशेषतः त्याचे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र यांनी, या सामन्यांविरुद्ध सातत्याने लिहिले. नभोवाणीवर त्यांना घरोघर नेणारे तल्यारखान हेही पुढे त्यांचे विरोधक झाले. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याच्या शिष्टमंडळाने वर्ध्याला जाऊन गांधीजींची भेट घेतली. सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांकडे आपला कल असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. पुढच्या वर्षी तो परतला आणि जिंकलाही. १९४५–४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा कायमची थांबली.

तिच्या जागी प्रांतनिष्ठ रणजी करंडक लोकप्रिय होईल, ही अपेक्षा होती. मुंबईने तो करंडक १९५८–५९ पासून १९७२–७३ पर्यंत सलग पंधरा वेळा जिंकला. विजयानेच प्रेक्षक येतात असे असते, तर या पंधरा वर्षांत मुंबईच्या मैदानांवर पाऊल ठेवावयास जागा उरली नसती. पण पंचरंगीची गर्दी या सामन्यांना कधीच लाभली नाही. ती गेली कसोटी सामन्यांकडे, आणि तिच्याबरोबर १९३७ चे जुने भांडणही गेले. या वेळी क्रिकेट क्लबसमोर हिंदू जिमखाना नव्हता, मुंबई क्रिकेट असोसिएशन होती. वादाचा विषय मात्र तोच, कोणाला किती जागा व किती तिकिटे. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने ब्रेबॉर्नपासून मैलभराच्या आतच दुसरे प्रेक्षागार बांधले आणि १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना तेथे भरविला. भारत तो सामना हरला. जागा रिकाम्या नव्हत्या.