गावच्या बारवेला, जुन्या मंदिराला सरकारी निधी कसा मिळतो? ग्रामसभेच्या ठरावापासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत सगळी माहिती

आपल्या भागात असं गाव क्वचितच सापडेल, जिथं जुनी बारव, हेमाडपंती मंदिर, गढीचा बुरूज, वेस किंवा वीरगळ नाही. पण त्यातल्या बऱ्याच वास्तूंची अवस्था काय आहे, ते सांगायला नको. बारवेत गाळ आणि प्लास्टिक, मंदिराच्या शिखरावर पिंपळ, वेशीचे दगड कुणाच्या तरी बांधावर.

जुनी वास्तू दोन प्रकारे हातची जाते. एक, निधी येत नाही आणि ती ढासळते. दुसरं, निधी येतो पण काम चुकीचं होतं. दगडावर सिमेंट, मूर्तीवर ऑइल पेंट, अंगणात पेव्हर ब्लॉक. या दोन्ही गोष्टी ठरतात त्या कागदावर, म्हणजे प्रस्तावात आणि अंदाजपत्रकात. म्हणून निधीचा निर्णय कोण आणि कसा घेतं, हे गावानं समजून घ्यायला हवं.

आधी बघा : वास्तू कोणाची आणि संरक्षित आहे का?

प्रस्ताव परत येण्याची मोठी कारणं इथंच असतात. तीन शक्यता आहेत.

१) केंद्र संरक्षित : ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात असते. १९५८ चा केंद्राचा कायदा लागू होतो. इथं ग्रामपंचायतीनं एक दगडही हलवायचा नाही. २०१० च्या दुरुस्तीनुसार वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

२) राज्य संरक्षित : ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असते. १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो. काम हे खातं करतं, किंवा त्याच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली होतं.

३) असंरक्षित : गावोगावच्या बहुतेक बारवा, वेशी, समाध्या या गटात येतात. इथं मालकी महत्त्वाची. सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ किंवा मिळकत पत्रिका काढून बघा. जागा ग्रामपंचायतीची असेल तर सोपं. देवस्थान ट्रस्टची असेल तर ट्रस्टचं लेखी संमतीपत्र हवं. खासगी शेतात असेल तर मालकाची लेखी संमती हवी. तोंडी "घ्या की करून" यावर कुठलंही कार्यालय पैसे देत नाही.

पहिली पायरी : ग्रामसभा

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं नसतील तर तो ठराव पुढं कुणीही आडवा पाडू शकतो.

ठरावात "मंदिराचा विकास करणे" असं मोघम लिहू नका. वास्तूचं नाव, गट नंबर किंवा मिळकत नंबर आणि नेमकं काम लिहा. उदाहरणार्थ, "बारवेतील गाळ काढणे, निखळलेले मूळ दगड पुन्हा बसवणे, दरजा चुन्याने भरणे, झाडी काढणे." ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे ग्रामसेवक) सहीशिक्क्यानिशी घ्या.

हेच काम "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यातही टाकून घ्या. आराखडा तयार करण्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. आराखड्यात नसलेल्या कामाला नंतर पैसे मागणं अवघड जातं.

पैसा कुठून येऊ शकतो?

*जिल्हा वार्षिक योजना.* मोठा मार्ग हाच. गड-किल्ले, मंदिरं आणि महत्त्वाची संरक्षित स्मारकं यांच्या संवर्धनासाठी जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्क्यांपर्यंत निधी राखण्याची तरतूद राज्य सरकारनं केली आहे. समजा जिल्ह्याचा आराखडा ३०० कोटींचा असेल, तर ३ टक्के म्हणजे ९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्या जिल्ह्यासाठी असतो आणि मागणारे पुष्कळ असतात. असंरक्षित बारवेचं काम यात बसतं की दुसऱ्या लेखाशीर्षात टाकावं लागेल, हे जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्या.

*"क" वर्ग तीर्थक्षेत्र किंवा पर्यटनस्थळ.* हा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा पैसा मुख्यतः भाविकांच्या सोयीसाठी असतो. रस्ता, सभामंडप, स्वच्छतागृह, पथदिवे. जुन्या दगडी कामाची डागडुजी त्यात आपोआप येत नाही. कित्येक ठिकाणी "क" वर्गाचा निधी येऊन नवा मंडप झाला आणि मूळ गाभारा गळतच राहिला, असं दिसतं.

*वित्त आयोगाचा ग्रामपंचायत निधी.* १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, ४० टक्के अबंधित. छोट्या कामासाठी या मार्गाचा विचार करता येतो, पण काम आराखड्यात हवं.

*आमदार-खासदार निधी.* खासदार निधीतून धार्मिक स्थळावर खर्च करता येत नाही. मंदिरासाठी तिकडं चकरा मारण्यात वेळ घालवू नका.

जिल्हा नियोजन समिती काम कशी करते?

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं जिल्हा नियोजन समिती आली. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. घटनेनुसार किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत.

बऱ्याच जणांना वाटतं, बैठकीत आपल्या मंदिराचा विषय निघेल आणि तिथं हो-नाही ठरेल. तसं होत नाही. बैठक काही तासांची असते आणि तिच्यात रस्ते, शाळा, दवाखाने, वीज असा पूर्ण जिल्ह्याचा आराखडा असतो. समिती मुख्यतः कोणत्या लेखाशीर्षाला किती पैसे, ते मंजूर करते. एकेका कामाची छाननी बैठकीच्या आधी आणि नंतर कार्यालयात होते.

प्रवास साधारण असा :

– ग्रामपंचायतीचा प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट संबंधित कार्यान्वयन यंत्रणेकडे जातो. ही यंत्रणा म्हणजे जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा पुरातत्त्व विभाग.
– अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता मिळते.
– यंत्रणा प्रस्ताव जिल्हा नियोजन कार्यालयाकडे पाठवते. तिथं लेखाशीर्ष, शिल्लक निधी, मालकी, ना-हरकत आणि हेच काम दुसऱ्या योजनेत घेतलंय का, हे तपासलं जातं.
– प्रशासकीय मान्यता मिळते. त्यानंतर निविदा आणि कार्यारंभ आदेश.
– काम झाल्यावर मोजमाप, देयक आणि उपयोगिता प्रमाणपत्र.

आमदार किंवा पालकमंत्र्यांच्या शिफारशीचं वजन असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शिफारसपत्र असूनही कागद अपुरे असले की काम तिथंच थांबतं. आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला होते. म्हणजे फेब्रुवारीत प्रस्ताव घेऊन गेलात तर उशीर झाला. दिवाळीच्या आत फाइल तालुक्याला पोचली पाहिजे.

अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचून घ्या

खरी मेख इथं आहे. अंदाजपत्रक करणारे अभियंते रस्ते आणि इमारतींच्या कामाला सरावलेले असतात. त्यांच्या दरसूचीत सिमेंट काँक्रीट, प्लास्टर, टाइल्स असतात. कुणी अडवलं नाही तर तेच बारवेच्या वाट्याला येतं.

जुनं बांधकाम चुन्याचं असतं. त्यातून ओल बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइल पेंटनंही हेच होतं, वर मूर्तीवरचं बारीक कोरीव काम बुजतं ते वेगळं. म्हणून अंदाजपत्रकात हे शब्द दिसले तर थांबवा : सिमेंट प्लास्टर, ऑइल पेंट, सँड ब्लास्टिंग, जुन्या दगडाऐवजी ग्रॅनाइट किंवा टाइल्स. त्याऐवजी हे मागा : चुन्याची दरजभरणी, मूळ दगडांना नंबर टाकून पुन्हा बसवणे, कामाआधी सगळ्या बाजूंनी फोटो. वास्तू असंरक्षित असली तरी पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाकडून लेखी सल्ला घ्या. त्याची प्रत फाइलला लावली की अंदाजपत्रक बदलून घेणं सोपं जातं.

निधी येईपर्यंत गाव काय करू शकतं?

वास्तू असंरक्षित असेल आणि मालकाची संमती असेल तर श्रमदानातून साफसफाई करता येते. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूरच्या गावकऱ्यांनी गाळात बुजलेली चक्राकार बारव अशीच मोकळी केली. पण चार गोष्टी पाळा.

– बारवेतलं पाणी एकदम उपसू नका. बाहेरची माती ओली असते, आतला पाण्याचा आधार एकदम गेला तर भिंत आत येऊ शकते. हळूहळू उपसा.
– खोल, बंद विहिरीत थेट माणूस उतरवू नका. आत हवा विषारी असू शकते किंवा प्राणवायू कमी असू शकतो. जाणकार माणसं आणि साधनं असल्याशिवाय हे काम नको.
– भिंतीतली पिंपळ-उंबराची मुळं ओढून काढू नका, सोबत दगड निखळतात. झाड कापा, मुळांचं काय करायचं ते जाणकाराला विचारा.
– गाळात मूर्ती, शिलालेख, नाणी सापडली तर काम थांबवा आणि तहसीलदारांना कळवा. घासायचं नाही, रंगवायचं नाही, घरी न्यायचं नाही.

फाइल अडली तर?

ठराव, अर्ज आणि पोच यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फाइल कोणत्या टेबलावर आहे ते कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीनच गोष्टी विचारा : प्रस्ताव कोणत्या तारखेला मिळाला, त्यावर काय शेरा आहे, कोणती त्रुटी बाकी आहे. मंजूर कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रतही याच कायद्यानं मिळते.

फाइलमध्ये हे कागद असू द्या

गणपूर्तीसह ग्रामसभेचा ठराव • सातबारा / नमुना ८ / मिळकत पत्रिका • मालक किंवा ट्रस्टचं संमतीपत्र • वास्तू संरक्षित आहे की नाही याचं पत्र • सगळ्या बाजूंचे तारखेसह फोटो • कामाची नेमकी यादी • पुरातत्त्व विभागाचा सल्ला किंवा ना-हरकत • काम झाल्यावर देखभाल कोण करणार, याचा ठराव

शेवटचा कागद बहुतेक प्रस्तावांत नसतो. साफ केलेली बारव दोन पावसाळ्यांत पुन्हा भरते. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर गाळ कोण काढणार, हे आधी ठरवा आणि मग निधी मागा.