सुव्याच्या टोपलीतलं धान

छत्तीसगढच्या गोंड वस्तीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री मातीच्या गौरा-गौरीचं लग्न लागतं आणि सकाळी वाजतगाजत तलावात विसर्जन होतं. या लग्नाचा खर्च बायका उभा करतात, सुवा नाचून. सुवा म्हणजे राघू. टोपलीत धान, त्यावर मातीचा हिरवा राघू. टोपली मधे ठेवायची आणि भोवती वाकून टाळ्यांवर गायचं. ना ढोलक, ना पेटी. आपल्या भोंडल्यात मधे हत्ती, इथे राघू. सासरचं गाऱ्हाणं दोन्हीकडे आहेच. सुव्याचं गाऱ्हाणं मात्र जास्त धीट. परगावी गेलेला नवरा, सासूचा जाच आणि पुन्हा बाईचा जन्म नको, हे सगळं राघूला सांगायचं आणि तेही परक्याच्या अंगणात, त्याच्याकडून धान घेऊन!

रायपूरच्या तात्यापाऱ्यातली आमची मराठी अंगणं त्यातलीच. मराठी माणूस इथे रुजला तो नागपूरच्या भोसल्यांच्या मागोमाग. 1741मध्ये त्यांचा सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आला, पुढे बिंबाजी भोसले तिथे राहिला. इंग्रजांनी 1818 नंतर कारभार रायपूरला हलवला. माझी आजी सुपाने धान घालायची, पण गाणारणीचं नाव विचारायची रीत आमच्या वाड्यांत नव्हती.

नाव न विचारण्याची ही सवय पुढे मोठ्या लोकांनीही सांभाळली. ‘ससुराल गेंदा फूल’ हे लोकगीत छत्तीसगढनं आकाशवाणीवर आणि नाटककार हबीब तनवीरांच्या मंडळींकडून कितीतरी आधी ऐकलं होतं. 2009मध्ये ते ‘दिल्ली-6’ या चित्रपटात आलं आणि देशभर गाजलं ते मुंबईच्या गीतकाराच्या नावानं.

2019च्या डिसेंबरात रायपूरच्या सायन्स कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव झाला. बस्तरच्या गौर माडिया आदिवासींचा शिंगांचा मुकुट पाहुण्या पुढाऱ्यांच्या डोक्यावर चढला, त्याचे फोटो छापून आले. शाळांच्या संमेलनांतही आता सुवा असतो: एकसारख्या साड्या, साथीला ढोलक आणि गाऱ्हाण्याची कडवी गाळलेली. सुवा कुणी गावा यावर माझा आक्षेप नाही. गोंडांखेरीज इतर बायकाही तो गातात. पण टोपली रिकामी ठेवून नाचणं मला खटकतं.

आमच्याकडे भांड्याला येणारी गोंड बाई दरवर्षी गोलबाजारात दुकानांपुढे सुवा नाचते. ‘मंचावर का जात नाही?’ असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “दीदी, तिथे टाळ्या मिळतात. गौरीचं तेल-हळद कुणाच्या पैशानं आणू?”