प्लेगच्या जंतूचे घराणे

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठींचा प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढच्या जानेवारीत जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरची नवी लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. या रोगाचा जंतू अलेक्झांडर यर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये शोधला, त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. जंतू सापडला खरा, पण त्याचे नाव आणि कूळ ठरायला शंभराहून अधिक वर्षे जायची होती.

आधी तो ‘बॅक्टेरियम पेस्टिस’ होता, मग पाश्चर यांच्या नावाने ‘पाश्चुरेला’ झाला. १९४४मध्ये व्हॅन लोघम यांनी ‘यर्सिनिया’ ही प्रजाती मांडली आणि शोधकर्त्याला उशिरा का होईना, श्रेय मिळाले. जंतूंच्या नावांत असा न्याय नेहमी होतोच असे नाही. ‘साल्मोनेला’ हे नाव डॅनियल साल्मन यांचे. प्रयोगशाळेतले काम मात्र त्यांचे सहायक थिओबाल्ड स्मिथ यांचे.

पुढे यर्सिनियाला ‘एन्टेरोबॅक्टेरिएसी’ या कुळात जागा मिळाली. १९३७मध्ये ओटो रान यांनी मांडलेले हे कूळ, आणि त्याच्या नावातच एक गोम आहे. नियमाप्रमाणे कुळाला त्याच्या नमुना प्रजातीचे नाव मिळते. इथे नमुना आहे ‘एश्चेरिशिया’, म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची प्रजाती, आणि कुळाच्या नावात तिचा मागमूसही नाही. रुळलेले नाव मोडायला नको म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने १९५८मध्ये खास अपवाद केला. जंतूंच्या नावांवर निवाडे देणारा असा आयोग खरोखरच आहे!

त्याचा सर्वांत शहाणा निवाडा प्लेगबद्दलचाच म्हणावा लागेल. डीएनएची तुलना केल्यावर प्लेगचा जंतू आणि त्याचा बराच सौम्य भाऊबंद ‘यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस’ हे जवळपास एकच निघाले. तेव्हा प्लेगच्या जंतूला त्याची उपजाती ठरवावे, अशी सूचना १९८०च्या सुमारास आली. शास्त्राच्या दृष्टीने ती बिनचूक होती. पण लांबलचक नावाच्या शेपटीला लागलेला ‘पेस्टिस’ एखाद्या प्रयोगशाळेत नजरेतून सुटला तर? १९८५मध्ये आयोगाने ते नाव फेटाळले. रक्ती हगवणीचा जंतू शिगेला आणि ई. कोलाय हेही डीएनएने एकच. तरी निदान सोयीचे राहावे म्हणून वेगळेच लिहिले जातात.

कुळाच्या वरची पायरी गणाची. ‘एन्टेरोबॅक्टेरिएलीस’ हे गणाचे नाव पुस्तकांतून वर्षानुवर्षे वावरत होते, पण नियमानुसार ते कधी प्रसिद्धच झाले नव्हते. २०१६मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या राधेश्याम गुप्ता यांच्या गटाने संपूर्ण जनुकसंचांची तुलना करून ते मार्गी लावले. गणाची नमुना प्रजाती ‘एन्टेरोबॅक्टर’, म्हणून नाव ‘एन्टेरोबॅक्टेरेलीस’. जुन्या अवाढव्य कुळाची सात कुळे झाली आणि प्लेगचा जंतू ‘यर्सिनिएसी’ या वेगळ्या घरात गेला. एश्चेरिशिया जुन्या कुळाची नमुना म्हणून तशीच राहिली. गणाचा नमुना एक, त्याच नावाच्या कुळाचा दुसराच!

रुग्णालयांना याची दखल घ्यावीच लागली. कार्बापेनेम गटाच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या या गणातल्या जंतूंना ‘सीआरई’ म्हणतात. त्यातला ‘ई’ आधी कुळाचा होता, आता गणाचा आहे. दोन्ही नावांचे आद्याक्षर एकच, त्यामुळे अहवालातली ती तीन अक्षरे बदलावी लागली नाहीत.