मंडल, शिवसेना आणि दाखल्यातला रकाना

डिसेंबर १९९१. नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना छगन भुजबळ यांनी काही आमदारांसह शिवसेना सोडली. भुजबळ नाशिकला जन्मलेले, माळी समाजातले, भायखळ्याच्या बाजारात भाजी विकून वाढलेले. सेनेतूनच ते नगरसेवक झाले, १९८५ साली मुंबईचे महापौर झाले, १९८६ साली सीमाप्रश्नासाठी वेषांतर करून बेळगावात शिरले. असा कडवा शिवसैनिक आपल्याच नेतृत्वाला का विटला? मुस्लिम वाचकानेही हा प्रश्न विचारायला हवा. कारण त्या नाराजीचा धागा फिरत फिरत आपल्या शाळेच्या रजिस्टरापर्यंत येतो.

१९ जून १९६६ रोजी शिवसेना निघाली ती मराठी माणसाच्या नोकरीसाठी. तिच्या शाखा बहुजनांच्या पोरांनी चालवल्या. सत्तरच्या दशकात मुंबई महापालिकेत तिने मुस्लिम लीगशीही हातमिळवणी केली होती. ऐंशीच्या दशकात तिने हिंदुत्वाचे वळण घेतले. १९८७ची विलेपार्ले पोटनिवडणूक तिने उघडपणे धर्माच्या नावावर लढवली. ती निवडणूक उच्च न्यायालयाने रद्द केली आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. १९८९ साली भाजपशी युती झाली आणि १९९० साली सेनेचे ५२ आमदार निवडून आले.

भुजबळांच्या नाराजीला दोन कारणे होती. विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशी यांना मिळाले, हे एक. दुसरे कारण मंडलचे. ७ ऑगस्ट १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के आरक्षण जाहीर केले. बाळासाहेब ठाकरे यांचा जातीवर आधारलेल्या आरक्षणाला विरोध होता. ज्यांच्या घामावर शाखा उभ्या राहिल्या, त्यांच्याच मुलांच्या हक्काला पक्षाचा नकार! पद आणि तत्त्व यांपैकी कोणते कारण मोठे, यावर आजही वाद घालता येईल. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. मुसलमानांविषयीची पक्षाची भूमिका हे फुटीचे कारण नव्हते. १९८४च्या भिवंडी दंगलीनंतर किंवा विलेपार्ल्यानंतर भुजबळांनी पक्ष सोडला नव्हता. आपल्यातल्या अनेकांना शत्रूचा शत्रू पाहताक्षणी दोस्त वाटतो, म्हणून हे नोंदवून ठेवलेले बरे.

तरीही मंडल आपल्या दारापर्यंत आले. मागासलेपण धर्माच्या कुंपणापाशी थांबत नाही, हे मंडल आयोगाने मान्य केले होते. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्के आरक्षण वैध ठरवले. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. जान वाचवण्याची भ्रांत असताना आरक्षणाचे कोण बोलणार? पण काही जण बोलले. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची संघटना बांधली, दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले आणि १९९४ साली राज्य सरकारने मुस्लिम मागास बिरादऱ्यांना ओबीसी सवलती देण्याचा निर्णय घेतला.

त्या चळवळीला विरोध घरातूनही झाला. इस्लाममध्ये जात नाही, मग हा फितना कशाला, असे विचारले गेले. मशिदीच्या सफेत जात नाही हे खरेच. पण लग्नाचा रिश्ता ठरवताना पहिला सवाल बिरादरीचाच असतो. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार ही नावे कुणी बाहेरून आणून आपल्यावर चिकटवलेली नाहीत.

उर्दू शाळेतल्या शिक्षकाला हा विरोधाभास रोज दिसतो. जुन्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द असतो, 'मुसलमान'. ओबीसी दाखल्यासाठी मात्र १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मुलाचा आजोबा शाळेत गेलेलाच नसेल, किंवा गेला असेल आणि रकान्यात बिरादरी लिहिलेली नसेल, तर १९९४चा निर्णय त्या मुलासाठी कागदावरच राहतो. हक्क मिळवणे एक आणि तो हातात पडणे दुसरे.

पुढचा इतिहास सर्वांसमोर आहे. गृहमंत्री असताना भुजबळांच्या काळात, २५ जुलै २००० रोजी, १९९३च्या लेखनावरून ठाकरे यांना अटक झाली. मुदत उलटून गेली म्हणून न्यायालयाने त्याच दिवशी प्रकरण संपवले. आपल्या वस्त्यांना वाटलेली उमेद संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना पुन्हा फुटली. या वेळी नाराजांची तक्रार अशी की पक्षाने हिंदुत्व सोडले. त्यांत मालेगाव बाह्यचे आमदार दादा भुसे आणि नांदगावचे सुहास कांदेही होते. जुलै २०२३ मध्ये खुद्द भुजबळ अजित पवारांसोबत त्याच सरकारात मंत्री झाले, ज्यात भाजप आणि शिंदे यांची शिवसेना होती.

म्हणून कुणी पक्षाला विटला की आधी विचारावे, त्याला नेमके काय हवे होते? १९९१ची नाराजी ओबीसी हक्काची आणि पदाची होती, २०२२ची हिंदुत्वाची. दोन्हींत आपण कुठेच नव्हतो. १९९१च्या मंथनातून निघालेला मंडलचा वाटा तेवढा आपल्या उपयोगाचा होता, आणि तोही जालन्यासारख्या ठिकाणच्या माणसांनी हिंडून, समजावून, अर्ज लिहून पदरात पाडून घेतला. नेते येतात, जातात, परत फिरतात. जूनमध्ये पहिलीचा दाखला भरताना त्या रकान्यात काय लिहायचे, हे मात्र आईबाप आणि शिक्षक यांच्याच हातात आहे.