चोक : हाताकडे राहिलेला शेवटचा निर्णय

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा दोनच तारखांची नोंद होते. यंत्राचा शोध लागला ती एक आणि ते आपल्या देशात आले ती दुसरी. त्यानंतर लोकांनी ते कसे हाताळले, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलले, हे इतिहासाबाहेर राहते. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात नेमक्या याच सवयीवर बोट ठेवले आणि तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या अंगाने लिहावा, अशी मांडणी केली. ती मांडणी एका अगदी क्षुल्लक भागाला लावून पाहावी, असा आमचा विचार आहे. तो भाग म्हणजे लहान मोटरसायकलचा हाताने ओढायचा चोक.

प्रथम त्याचे कार्य पाहू. पेट्रोल नीट जळायचे तर वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे मिश्रण कार्ब्युरेटर तयार करतो. परंतु जळते ती पेट्रोलची वाफ. इंजिन थंड असताना पेट्रोलचा थोडाच अंश वाफ होतो आणि उरलेले थेंबांच्या रूपाने नळीच्या थंड भिंतींना चिकटून राहते. मिश्रण कागदावर योग्य असते, पण ठिणगीपाशी पोचते ते पातळ. यावर उपाय एकच : काही काळ पेट्रोलचे प्रमाण मुद्दाम वाढवायचे. चोकची झडप हवेची वाट अडवते, त्यामुळे आतली ओढ वाढते आणि पेट्रोल अधिक खेचले जाते. काही कार्ब्युरेटरांत हवा अडवली जात नाही, जादा पेट्रोलासाठी वेगळी वाट उघडली जाते. तिथे कोंडण्याची क्रिया नसतानाही नाव मात्र चोकच राहिले.

हे झाले यंत्रशास्त्र. इतिहास सुरू होतो तो या प्रश्नापासून, की ही वाट अडवायची केव्हा आणि मोकळी करायची केव्हा, हे ठरवणार कोण?

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटरसायकलींवर असे प्रश्न कितीतरी होते आणि सगळ्यांची उत्तरे चालकानेच द्यायची होती. पेट्रोलमिश्रित हवेची दांडी वेगळी, निव्वळ हवेची वेगळी. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, यासाठी तिसरी. इंजिनात तेल सोडायलाही हातपंप असे. पुढल्या दशकांत ही कामे एकेक करून यंत्राने स्वतःकडे घेतली. ठिणगीची वेळ इंजिनाच्या गतीवरून आपोआप ठरू लागली, तेलाला स्वतंत्र पंप आला, हवा आणि पेट्रोल एकाच मुठीने सांभाळले जाऊ लागले. या माघारीत चालकाच्या हाती मिश्रणाचा जो एक शेवटचा निर्णय उरला, तो म्हणजे चोक. अमेरिकन मोटारींत १९३० च्या दशकातच स्वयंचलित चोक येऊ लागला होता. लहान मोटरसायकलीवर मात्र हाताचा चोक पुढे कित्येक दशके टिकला. तंत्र उपलब्ध असूनही तो टिकला याचे मुख्य कारण आर्थिक असावे. स्वयंचलित योजनेला पैसे पडतात, चालकाची समज फुकट मिळते. स्वस्त वाहनाची किंमत आवाक्यात ठेवताना कामाचा एक लहानसा हिस्सा गिऱ्हाइकावर सोपवला गेला, असे आम्ही त्याकडे पाहतो.

भारतात या सोपवणुकीचा विस्तार फार मोठा झाला. १९५५ पासून मद्रासला बुलेट, १९६१ पासून म्हैसूरला जावा, त्यानंतर राजदूत, अशी पहिली पिढी. त्यातल्या काही गाड्यांच्या कार्ब्युरेटरला एक बारीक खुंटी असे. ती दाबून आतला तरंगता गोळा खाली ढकलायचा आणि पेट्रोल काठोकाठ आले की कीक मारायची. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आणि हीरो होंडाची सीडी १०० आली आणि मोटरसायकल हौशी माणसाकडून नोकरदार, दूधवाला, शिक्षक, शेतकरी यांच्याकडे सरकू लागली. लक्षावधी माणसांनी तीन-चार हालचालींचा एक क्रम आत्मसात केला. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, रेस न देता कीक मारायची आणि इंजिनाचा आवाज स्थिर झाला की चोक काढून घ्यायचा.

खरे ज्ञान या शेवटच्या पायरीत होते. चोक लवकर काढला तर इंजिन बंद पडते. उशीर केला तर मिश्रण जाड राहते, प्लगवर काजळी धरते आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत याविषयी चार ओळी असत. परंतु निफाडच्या डिसेंबरमधल्या पहाटे किती वेळ थांबायचे आणि मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस चोकला हातही का लावायचा नाही, हे त्या ओळी सांगू शकत नव्हत्या. ते कानाने शिकायचे होते आणि वडिलांकडून मुलाकडे, मेकॅनिककडून गिऱ्हाइकाकडे ते तोंडी जात होते.

या तोंडी परंपरेने भाषेत काय केले, हे आमच्या वाचकांना विशेष रोचक वाटावे. इंग्रजीत चोक आणि थ्रॉटल हे दोन्ही शब्द गळा आवळण्याच्या क्रियेतून आलेले आहेत. मराठीने त्यांतला एक घेतला आणि दुसऱ्याच्या जागी ‘रेस’ बसवला. घेतलेल्या शब्दातूनही गळा गायब झाला. आपण चोक ‘देतो’. हात देतो, आधार देतो, औषध देतो, त्याच क्रियापदाने. ‘जरा चोक दे, घेईल’ या वाक्यात गाडी ही आजारी किंवा आळसावलेली कुणीतरी आहे आणि ती काहीतरी ‘घेते’. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मराठीत दुसऱ्या वाटेने आला, तो सांडपाण्याच्या नळीसाठी. मोरी ‘चोकअप’ होते. एकाच मुळातून एक उपचार आणि एक तुंबणे असे दोन शब्द मराठीत शेजारी नांदतात आणि बोलणाऱ्याला त्यांचे नाते जाणवतही नाही.

इथे गतकातरतेचा मोह आवरायला हवा. ‘तेव्हा माणसाचे यंत्राशी नाते होते’ असे म्हणणे सोपे आहे. पण चोक दिलेले इंजिन अर्धवट जळालेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड हवेत सोडत असते, आणि ती हवा त्या गल्लीतल्या सगळ्यांची असते. शिवाय हे ज्ञान सर्वांना सारखे खुले नव्हते. ते पुरुषांच्या घोळक्यात, गॅरेजच्या दारात वाटले जाई. ज्यांना तिथे उभे राहणे अवघड होते, त्यांना बटण दाबून सुरू होणाऱ्या स्कूटरने वाट मोकळी करून दिली. नात्याविषयी बोलताना त्या नात्यातून कोण वगळले गेले होते, तेही नोंदवावे लागेल.

२००६ साली हीरो होंडाने ग्लॅमर एफआय आणली. त्यात इंजिनाचे तापमान संवेदक मोजतो आणि किती पेट्रोल फवारायचे ते संगणक ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषण-निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून चोकची दांडी गेली. निर्णय मात्र नाहीसा झाला नाही. थंड इंजिनाला आजही जादा पेट्रोल लागतेच. ते आता न विचारता दिले जाते आणि बिघाड झाला तर कारण कानाला कळत नाही, त्यासाठी यंत्र जोडून पाहावे लागते.

जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यापुढे नवा प्रसंग आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि त्यात महाराष्ट्राच्या उसाचाही वाटा आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि जळताना त्याला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या मापाच्या कार्ब्युरेटरमधले मिश्रण आणखी पातळ होते. जुन्या मोटरसायकलीचा मालक थंडीत चोक थोडा अधिक वेळ ठेवू लागला, तर तो धोरणातल्या एका बदलाला आपल्या बोटांनी उत्तर देत असेल. त्याची नोंद कुठल्याही पुस्तिकेत होणार नाही. ती व्हायची असेल तर आजच्या गॅरेजांतली बोली, तिथली क्रियापदे आणि म्हणी कुणीतरी आत्ताच लिहून घ्यायला हव्यात. भाषेच्या विद्यार्थ्यांनी हे काम अभियंत्यांवर सोडू नये, असे आम्हाला वाटते.