छेदचित्रणाचा उगम

राँटगेन याने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. परंतु क्ष-किरण छायाचित्रात अवयवांच्या छाया एकावर एक पडत व मेंदूची अंतर्रचना अस्पष्टच राही. अनेक दिशांनी घेतलेल्या मापांवरून अंतर्भागाची रचना गणिताने सिद्ध करता येते, हे योहान राडोन याने १९१७ मध्येच दाखविले होते. तो निबंध मात्र गणितज्ञांपुरताच राहिला. केपटाउनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात १९५६ साली ॲलन कॉरमॅक या पदार्थविज्ञानज्ञास हाच प्रश्न पडला. राडोनचे कार्य ठाऊक नसल्याने त्याने स्वतंत्रपणे उत्तर शोधून १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचीही फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे या दोघांच्याही कार्याशी अपरिचित असलेल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने संगणकाच्या साहाय्याने प्रत्यक्ष यंत्र उभारले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात त्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूतील विकृती दृग्गोचर केली. कॉरमॅक व हाउन्सफील्ड यांस १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ओतीव धातूंतील पोकळ्या व भेगा शोधण्यासही आज हीच पद्धती उपयोगी पडते.

सिद्धांत व उपयोग यांतील ५४ वर्षांचे अंतर काही अंशी संगणकाच्या अभावाने पडले, हे खरे. परंतु एकच प्रश्न तिघांना निरनिराळा सोडवावा लागला, याचे कारण विद्याशाखांमधील भिंती हेच होय.