कॅमेरा कुठे उभा होता?

मुंबईतली सर्वांची जागा कशी आटत गेली, हे नकाशांतून आणि कोर्टाच्या निकालांतून कळतंच. पण शहर टिपणाऱ्यांचा कॅमेरा कुठे उभा राहिला, हाही त्याचा पुरावा आहे. आनंद पटवर्धन यांच्या १९८५च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात तो फुटपाथवर, झोपड्या पाडणाऱ्या पथकांसमोर आहे. २०२२मध्ये शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या ‘कॅम्प’ स्टुडिओनं ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ ही व्हिडिओ-मांडणी केली, तेव्हा दुरून फिरवता येणारा सीसीटीव्ही कॅमेरा मध्य मुंबईत एका ३५ मजली इमारतीवर होता. सात पडद्यांवरचं शहर त्या एकाच ठिकाणाहून टिपलेलं आहे. हे अंतर केवळ शैलीतल्या बदलाचं नाही, त्यामागे कापड गिरण्यांच्या जमिनीचा व्यवहार आहे. १९८२च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, पुढे एकेक गिरणी बंद पडली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानानं तिहेरी वाटणी ठरवली: मोकळ्या जागांसाठी पालिका, घरांसाठी म्हाडा आणि उरलेला वाटा मालकाचा. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली. शेड आणि गोदामांनी भरलेल्या गिरणीत रिकामी जमीन असणार ती केवढी? २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती उचलून धरली आणि जिथे मैदानं होऊ शकली असती, तिथे टॉवर चढले. कॅमेऱ्याला मिळाली तशी उंची याच व्यवहारातून आली.

यावर आक्षेप येतो, की वरून बघणं ही पहारा ठेवणाऱ्यांची नजर आहे. आक्षेप रास्त आहे. पण ‘कॅम्प’नं या नजरेच्या मालकीलाच हात घातलेला आहे. २००८मध्ये मँचेस्टरला त्यांनी सामान्य नागरिकांना सीसीटीव्हीच्या नियंत्रण कक्षात आणलं होतं. मुंबईतला कॅमेराही उंचीवर रमत नाही, पुन्हा पुन्हा खाली रस्त्यांकडे, पत्र्यांकडे झुकतो. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: ज्यांचं चित्रण होतं, त्यांच्या पदरात काय पडतं? ‘हमारा शहर’मधली एक बाई दिग्दर्शकालाच हे सुनावते, आणि पटवर्धनांनी ते कापलं नाही. चित्रणानं हिरावलेली जमीन परत येत नाही, हे मान्य करायलाच हवं. मात्र चित्रण कुणाच्या ताब्यात राहतं, हा प्रश्न उरतो. ‘कॅम्प’नं इतर संस्थांसह २००८मध्ये उभारलेल्या ‘पॅडमा’ या ऑनलाइन संग्रहात संकलनात गळलेलं चित्रीकरणही टिपणांसह सर्वांना खुलं आहे. म्हणजे दिग्दर्शकानं काय वगळलं, हेही कुणालाही तपासता येतं.